पुणे की नांदेड? कॉलेज निवडताना गावाला किती वजन द्यायचं

उदगीरजवळच्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलीची बारावी लातूरला झाली, सीईटीला ९२ पर्सेंटाइल, ओबीसी, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. मागच्या वर्षीचे कटऑफ बघता नांदेडच्या एसजीजीएस या अभियांत्रिकी कॉलेजात इन्स्ट्रुमेंटेशन शाखा मिळेल असं वाटतंय आणि पुण्याच्या बाजूला एका नव्या खासगी कॉलेजात कॉम्प्युटर. नांदेडला मामा आहे. पुण्यात नोकरी करणारा चुलतभाऊ म्हणतो, "पुण्याशिवाय काही खरं नाही." आई म्हणते, "लांब नको." आणि वडील शेवटी विचारतात, "कॉलेज बघायचं की गाव बघायचं?"

मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. एकवीस वर्षं शिकवलं, त्यातले शेवटचे नऊ उन्हाळे प्रवेशाच्या सुविधा केंद्रावर कागद तपासण्यात आणि कॉलेजांचे पर्याय भरून घेण्यात गेले. मराठवाड्यातली शेकडो घरं याच प्रश्नाशी अडलेली मी समोर बसून बघितली आहेत. तुमची शेती किती, घरात मागे शिकणारं कोण आहे, मुलीची तब्येत कशी, हे मला माहीत नाही आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. तेव्हा उत्तरापेक्षा मी हिशेब कसा मांडतो ते सांगतो.

आधी एक गोष्ट. तुमच्या घरात भांडण आहे असं तुम्हाला वाटतंय, पण मला तसं दिसत नाही. आई पहिल्या वर्षाबद्दल बोलतेय आणि चुलतभाऊ चौथ्या वर्षाबद्दल. पोरगी आजारी पडली तर कोण पोचणार, जेवणाचं काय, रात्री उशीर झाला तर काय, या आईच्या काळज्या पहिल्या वर्षाच्या आहेत. कंपनी, इंटर्नशिप, ओळखी, इंग्रजी बोलायची सवय हे चुलतभावाचं सगळं शेवटच्या वर्षाचं. दोघंही बरोबर आहेत. घोटाळा एवढाच की दोघांचंही म्हणणं एकाच गावानं चारही वर्षं पुरवायचं, असं आपण धरून चालतो.

आता पैशाचं, कारण गावाचा खरा भार तिथेच पडतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानंतर आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) घरांतल्या मुलींना, प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून झाला असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. याचा एक परिणाम लोकांच्या अजून डोक्यात शिरलेला नाही. पूर्वी पालक फी बघून कॉलेज ठरवायचे आणि राहण्या-खाण्याचा खर्च "होईल काहीतरी" या खात्यात टाकायचे. आता तुमच्यासारख्या घराला फीचा मोठा आकडा गेला आणि उरला तो जवळपास सगळा गावाचा खर्च.

मी पालकांसमोर कागद घेऊन करतो तसा इथे करतो. आकडे माझ्याकडे आलेल्या मुलांनी सांगितलेले आहेत, जागेप्रमाणे कमीजास्त धरा. पुण्यात कॉट बेसिसवर (खोलीत एका कॉटपुरती जागा) महिना साडेपाच हजार, मेस साडेतीन, येणं-जाणं एक हजार, वरखर्च दीड. झाले साडेअकरा हजार. दहा महिन्यांचे एक लाख पंधरा हजार. नांदेडसारख्या ठिकाणी कॉट अडीच हजार, मेस अठ्ठावीसशे, येणं-जाणं तीनशे, वरखर्च बाराशे. सहा हजार आठशे. वर्षाचे अडुसष्ट हजार. कॉलेजचंच वसतिगृह मिळालं तर आणखी खाली. फरक वर्षाला ४७ हजारांचा. सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव होता ४,८९२ रुपये क्विंटल. त्या भावानंही हा फरक म्हणजे साडेनऊ क्विंटलच्या वर सोयाबीन, दरवर्षी, चार वर्षं. आणि हमीभावाला माल किती वेळा जातो ते तुम्ही मला सांगायची गरज नाही.

वसतिगृहात जागा मिळाली नाही तर ओबीसी मुलांना सावित्रीबाई फुले आधार योजनेतून भत्ता मिळू शकतो, अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार या तशाच योजनेतून. त्यात पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार आणि साध्या जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. म्हणजे सरकारनंसुद्धा गावाची किंमत लावली आहे, सतरा हजारांचा फरक मान्य केला आहे. तुमच्या खिशाला तो सत्तेचाळीस हजारांचा पडतो. मधले तीस हजार कुठून आणायचे ते आजच ठरवा. आणि भत्ता मंजूर झाला तरी पहिल्या वर्षाचे पैसे आधी आपल्याला घालावे लागतील असंच धरा, कारण डिपॉझिट आणि दोन महिन्यांचं भाडं दारातच मागतात.

आता "पुणे" या शब्दाकडे येऊ. कोणतं पुणे? कॉलेजच्या माहितीपत्रकावर पुणे लिहिलेलं असतं आणि कॉलेज असतं नगर रस्त्यावर वाघोलीला, कात्रजच्या खाली नऱ्हे-आंबेगावला, नाहीतर तळेगावला. लोणावळासुद्धा पुणे जिल्ह्यातच येतं, पण तिथून स्टेशनवर यायला लोकलनं तास-दीड तास लागतो. तुमचा चुलतभाऊ ज्या पुण्याबद्दल बोलतोय ते पुणे संध्याकाळी व्याख्यानाला जाता येणारं, मित्रासोबत हिंजवडीची कंपनी बघून येता येणारं पुणे आहे. माळरानावरच्या कॉलेजात, जिथून शेवटची बस साडेसातला सुटते, तिथे ते पुणे मिळत नाही. तिथे मिळतो तो पुण्याचा खर्च.

म्हणून एकदा जाऊन या. रविवारी नको, मंगळवारी-बुधवारी जा. चुलतभावाच्या गाडीवर नको, स्वारगेटला किंवा स्टेशनला उतरून पोरगी जशी जाईल तसेच बसनं जा. घड्याळ लावा. प्रवेश विभागातल्या खुर्चीवर बसून चहा पिऊ नका, तो चहा फार गोड असतो. संध्याकाळी साडेपाचला फाटकाबाहेर उभे राहा आणि मुली कशा बाहेर पडतात ते बघा: घोळक्यानं, कॉलेजच्या बसनं, शेअर रिक्षात चौथ्या सीटवर, का एकट्या चालत. विजेच्या खांबावर "मुलींसाठी कॉट उपलब्ध" अशा चिठ्ठ्या असतात, त्यातल्या दोन-तीन नंबरांना फोन करून भाव विचारा. मग तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला विचारा की उन्हाळ्यात पाण्याचं काय होतं आणि रविवारी रात्री मेस चालू असते का. रविवारी रात्रीचं जेवण बहुतेक मेसना नसतं, आणि पोरं चार वर्षं रविवारी मॅगी खातात. हेच सगळं नांदेडलाही करा. एसजीजीएस जिथे आहे ते विष्णुपुरीसुद्धा गावाच्या टोकाला आहे, वजिराबादेसारखं भर वस्तीत नाही.

मामाच्या घराबद्दल जरा जास्त बोलतो, कारण तुम्ही ते नांदेडच्या बाजूनं मोठं कारण म्हणून लिहिलंय. माझ्या मते ते कारण तुम्ही समजता त्याच्या उलट बाजूचं आहे. नातेवाइकाकडे राहून शिकलेली मुलं मी भरपूर बघितली. मुलगा असला तर तो घरातला पाहुणा होतो. मुलगी असली की सहा महिन्यांत तिच्याकडे पोळ्या येतात. मामी वाईट असते असं अजिबात नाही. घर असतं, घरात सण असतात, महालक्ष्म्या नेमक्या सत्राच्या मध्यावर येतात, पाहुणे येतात, मामाच्या धाकट्याचा गृहपाठ असतो. पोरगी नाही म्हणू शकत नाही आणि अभ्यासाला बसली तर "शिष्ट झाली" होते. शेवटी अभ्यासही जातो आणि बहीण-भावाचं नातंही आंबतं. मामा गावात असणं ही मोठी सोय आहेच. ताप आला तर दवाखान्यात न्यायला, वसतिगृहाच्या अर्जावर स्थानिक पालक म्हणून सही करायला, रविवारच्या जेवणाला (मेस बंद असते ना!). राहायला मात्र वसतिगृह. तिथे जागा नाहीच मिळाली तर फार तर पहिलं सत्र मामाकडे, आणि तेही मामीला आधी विचारून.

दुसरा एक पर्याय लोक काढतात तो रोज येऊन-जाऊन करण्याचा. तुम्ही लिहिलेला नाही, पण तुमच्या भागातून अनेक जण जवळचं कॉलेज घेऊन एसटीचा पास काढतात, म्हणून सांगून ठेवतो. माझ्या वर्गात एक मुलगा होता, पहाटे सव्वापाचची गाडी धरायचा, रात्री आठला घरी. हुशार होता. ड्रॉइंगच्या शीटची नळी काखेत घेऊन पासवाल्यांच्या गर्दीत उभा. पहिल्या सत्रात त्याचा गणिताचा पेपर राहिला आणि मी रागावलो. तेव्हा तो म्हणाला, "सर, बसमध्ये वाचता येतं, पण गणित सोडवता येत नाही." त्या दिवसापासून मी एका बाजूला दीड तासापेक्षा जास्त प्रवासाचं कॉलेज कोणालाच सुचवलेलं नाही. घरी राहिल्यानं पैसे वाचतात हे खरं, पण दिवसाचे चार तास जातात आणि ते तास अभ्यासाचेच असतात.

आता जागांच्या नियमातलं गाव, हे फार थोड्या पालकांना ठाऊक असतं. तुमच्या मुलीचं गृह विद्यापीठ तिची बारावी जिथे झाली त्यावरून ठरतं. लातूर जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाकडे. पुण्यातल्या विद्यापीठाशी संलग्न असलेल्या खासगी कॉलेजात राज्याच्या कोट्यातल्या जागा गेली अनेक वर्षं ७०:३० अशा वाटल्या गेल्या आहेत, ७० त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांना आणि ३० बाहेरच्यांना. तुमची मुलगी त्या ३० मध्ये, आणि तिथे सगळ्या महाराष्ट्राची गर्दी. याचा अर्थ असा की त्याच पर्सेंटाइलवर पुण्याच्या पोरीला जे कॉलेज मिळतं त्याच्यापेक्षा एक पायरी खालचं तुमच्या मुलीला मिळतं. चुलतभाऊ "पुण्यात अमक्याला ९१ ला अमुक मिळालं" म्हणत असेल तर तो अमका बारावी कुठे झाला ते विचारा. कटऑफची यादी बघताना गृह विद्यापीठाचा रकाना आणि त्याबाहेरचा रकाना वेगळा वाचा, आणि यंदाची माहितीपुस्तिका एकदा स्वतः उघडा, कारण नियम बदलले तर ते तिथेच आधी दिसतात.

मग चौथ्या वर्षाचं काय? चुलतभावाचं म्हणणं मी उडवून लावत नाही. गावाचा फायदा खरा आहे, फक्त तो कोणाला मिळतो ते बघावं लागतं. चाकण-पिंपरीच्या कारखान्यांत, हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांत ज्या मुलांनी तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत दोन महिने काढले त्यांची मुलाखतीतली भाषाच वेगळी असते. ते पुस्तकातलं पीएलसी (कारखान्यातली यंत्रं चालवणारा कंट्रोलर) सांगत नाहीत, अमुक मशिनवर अमुक बिघाड कसा सापडला ते सांगतात. पण त्यासाठी चार वर्षं पुण्यात राहावं लागत नाही. आता बऱ्याच संस्थांत शेवटचं सत्र इंटर्नशिपसाठी मोकळं मिळतं. साडेतीन वर्षं नांदेड आणि सहा महिने पुणे, असं करणारी मुलं मी दरवर्षी बघतो. तेव्हा चुलतभावाला एक काम द्या: "तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात हिला दोन महिने तुझ्याकडे ठेवशील का, आणि कुठे चिकटवून देशील का?" हो म्हणाला तर त्याच्या सल्ल्याला वजन आहे.

कॉलेजचा स्वतःचा दर्जा गावापेक्षा कधी जड आणि कधी हलका, याचा माझा अंदाज असा. दोन कॉलेजं जवळपास सारखी असतील, शाखाही तीच असेल, तर गाव ठरवू दे. खुशाल मोठं शहर घ्या किंवा जवळचं घ्या, जे घराला झेपेल ते. पण एक संस्था १९८१ पासून उभी आहे, प्रयोगशाळा आहेत, माजी विद्यार्थी कंपन्यांमध्ये वरच्या खुर्च्यांवर आहेत, आणि दुसऱ्या संस्थेची अजून एकही तुकडी बाहेर पडलेली नाही, तर दुसरीच्या पत्त्यातलं पुणे त्या फरकाची भरपाई करत नाही. नव्या कॉलेजला नावं ठेवायची नाहीत मला. एखादं पुढे उत्तम निघेलही, पण ते कळायला चार वर्षं लागतात आणि ती चार वर्षं तुमच्या मुलीची असतील. नव्या ठिकाणी मी पालकांना एकच गोष्ट विचारायला लावतो: त्या शाखेला पूर्णवेळ शिकवणारे किती आणि मागच्या वर्षीचे त्यातले किती अजून आहेत. उत्तर देताना समोरचा विषय बदलतो का, ते बघा.

शाखेचा प्रश्न मात्र गावानं सुटत नाही, आणि इथे मी आईच्या बाजूचा नाही आणि चुलतभावाच्याही नाही. इन्स्ट्रुमेंटेशन चांगली शाखा आहे, त्यातून सॉफ्टवेअरकडे गेलेले माझे विद्यार्थी आहेत आणि साखर कारखान्यांच्या कंट्रोल रूममध्ये रमलेलेही आहेत. पण ज्या मुलीला मनापासून कॉम्प्युटरच हवंय तिला केवळ मामाच्या गावात आहे म्हणून इन्स्ट्रुमेंटेशनला बसवलं तर पहिल्या दोन वर्षांत ती कुढत राहते. अशा मुलीसाठी तिसरी वाट शोधा. पुणे आणि नांदेड सोडून छत्रपती संभाजीनगर, अमरावती, सांगली, कराड, जळगाव, लोणेरे इथेही सरकारी किंवा अनुदानित संस्था आहेत, विद्यापीठं आहेत. तिथला खर्च पुण्याइतका नाही आणि संस्था नवखी नाही. लातूर-उदगीरच्या घरांत हे पर्याय कोणी तोंडातसुद्धा घेत नाही. का? तर तिथे ओळखीचं कोणी नाही. ओळखीचं कोणी नसलेल्या गावात मुलं लवकर मोठी होतात, हा माझा अनुभव.

आणि लांब या शब्दाबद्दल. तुम्ही स्पष्ट लिहिलेलं नाही, पण "मुलगी आहे" हे तुमच्या प्रश्नात दोनदा आलंय. पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. अहमदपूरकडचे एक वडील मुलीला घेऊन पर्याय भरायला आले. मुलीनं आधीच छत्तीस कॉलेजं टाकून ठेवली होती, सगळी पुण्याची. वडिलांच्या खिशात घडी घातलेल्या चिठ्ठीवर चार नावं, सगळी शंभर किलोमीटरच्या आतली. दोघांनी एकमेकांना यातलं काही सांगितलेलं नव्हतं. तो स्क्रीन बघून वडील गप्प झाले, मुलगी नखं बघू लागली. मी आईला फोन लावायला सांगितला. स्पीकरवर आईनं सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "सर, रात्री फोन आला की पोरीला काहीतरी झालंय, तर इथून गाडी किती वाजता मिळते आणि तिथं किती वाजता पोचते?" आम्ही चारही नावांच्या आणि पहिल्या दहा पुण्याच्या नावांच्या पुढे पेन्सिलीनं ती वेळ लिहिली. गंमत म्हणजे चिठ्ठीतलं एक ऐंशी किलोमीटरवरचं कॉलेज त्यात नापास झालं, कारण संध्याकाळी सहानंतर तिकडे थेट गाडीच नव्हती, आणि पुण्याची दोन पास झाली, कारण रात्री नऊ ते अकरा ट्रॅव्हल्स सुटतात आणि सकाळी सातला दारात. किलोमीटरपेक्षा हा आकडा मला आजही खरा वाटतो. तुमच्या नांदेडचा तो काढा: उदगीरहून रात्री दहाला निघालात तर कधी पोचाल? खासगी गाडी सांगावी लागेल का, आणि सांगितली तर किती घेईल?

बाकी सुरक्षिततेचं म्हणाल तर मुलगी दोन वर्षं लातूरला राहून आलेली आहे. लातूरच्या क्लासच्या गल्लीत जिनं दोन वर्षं काढली, मेसवाल्याशी भांडली, घरमालकिणीला लाइट बिलावरून उत्तर दिलं, ती पहिल्यांदा घराबाहेर पडत नाहीये. घराबाहेर पडून तिला दोन वर्षं झाली. तुम्हीच तिला अजून उंबऱ्यावर उभी बघताय.

पर्याय भरताना एक खबरदारी. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं की ते घ्यावंच लागतं, पुढच्या फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. तेव्हा "बघू तरी मिळतंय का" म्हणून पहिल्या नंबरावर काही टाकू नका. जिथे जायला घरातली तिन्ही माणसं तयार आहेत तेच नाव पहिलं. दर वर्षी एखादं कुटुंब माझ्याकडे रडत येतं की चुलतभावाच्या आग्रहानं पहिलं टाकलेलं नावच नेमकं लागलं.

माझा कल विचाराल तर, आत्ता जेवढं कळतंय त्यावर, नांदेड आणि वसतिगृह, मामा रविवारपुरता, आणि तिसऱ्या वर्षाचा उन्हाळा पुण्यात. पण हा कल एका गोष्टीवर टेकलेला आहे आणि ती तुमच्या प्रश्नात नाही. तुम्ही आईचं लिहिलंत, चुलतभावाचं लिहिलंत, मामाचं लिहिलंत. मुलगी काय म्हणते याची एक ओळही नाही. इन्स्ट्रुमेंटेशन म्हणजे काय ते तिनं कोणाला विचारलंय का, कॉम्प्युटर तिला स्वतःला हवंय की वर्गातल्या सगळ्यांना हवंय म्हणून हवंय, हे आज रात्री जेवताना विचारा. चुलतभाऊ घरात नसताना. ती काय म्हणाली ते इथे लिहा, मग पर्यायांचा क्रम आपण मिळून लावू.